एकाच बिल्डरने वसवलेलं उपनगर: मुलांचं वाढणं आराखड्यात कुठे शोधायचं?

नकाशावेडी:
अमेरिकेतल्या लेव्हिटाउनवर प्रकल्प करतेय. लेव्हिट अँड सन्सने १९४७ पासून लाँग आयलंडवर आणि १९५२ पासून पेनसिल्व्हेनियात हजारो घरं बांधली. तिथल्या मुलांच्या रोजच्या जगण्यावर बिल्डरच्या निर्णयांचा परिणाम नेमका कुठे दिसेल? घरापासून सुरुवात करू की रस्त्यांपासून?

पायाभरणी:
घरापासून. १९४७ चं केप कॉड मॉडेल २५ बाय ३० फुटांचं, म्हणजे ७५० चौरस फूट, तेही ६० बाय १०० च्या प्लॉटवर. बेडरूम दोनच, तळघर नाही. पण पोटमाळ्यावर जायला जिना होता आणि पोटमाळा मुद्दाम अर्धवट सोडलेला. मुलं वाढली की खोल्या तिथेच निघत. जुन्या फोटोंत उतरत्या छपरातून पुढे काढलेली खिडकी दिसली, तर वर कोणीतरी राहायला गेलंय असं बहुधा समजा.

अडचण उबेची. गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या खालच्या काँक्रीट स्लॅबमध्येच पुरलेल्या, त्यामुळे वरच्या खोल्यांना वेगळी सोय करावी लागते. नळी गंजून गळू लागली तर जमीन फोडल्याशिवाय हात पोचत नाही. म्हणून बऱ्याच घरांत त्या बंद करून भिंतीच्या कडेने रेडिएटर बसवले गेले. आजचं घर पाहून मूळ रचना ठरवू नका.

१९४९ च्या रँच मॉडेलमध्ये बैठकीची खोली मागे गेली आणि परसाकडे मोठी काच आली. परसात खेळणाऱ्या मुलांवर घरातून नजर ठेवता येऊ लागली. माझ्या मते मुलांच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा बदल.

वळणरस्ता:
पेनसिल्व्हेनियात रस्त्यांची नावं बघाच. प्रत्येक विभागातले रस्ते विभागाच्याच आद्याक्षराने सुरू होतात; डॉगवूड हॉलोमध्ये डीपग्रीन लेन. तीन-चार विभागांचा एक मोठा गट आणि त्याच्या मध्ये प्राथमिक शाळा, म्हणजे लहान मुलांना हमरस्ता ओलांडायला नको. शाळेभोवती कंपासने वर्तुळ मात्र काढू नका. रस्ते वळणावळणाचे आहेत, सरळ रेषेतलं अंतर फसवं येतं. प्रत्यक्ष रस्त्यावरून मोजा. लाँग आयलंडला दुकानांचे छोटे चौक आणि पोहण्याचे ९ तलाव हीच मुलांची ठिकाणं.

करारपत्र:
नकाशाइतकेच करार वाचा. कुंपणाला मनाई होती, त्यामुळे परसं एकमेकांत मिसळलेली आणि मुलं सलग पळू शकत. त्याच लाँग आयलंडच्या सुरुवातीच्या भाडेकरारांत गोऱ्यांखेरीज कोणाला राहता येणार नाही, असं कलम होतं. अशा अटी कोर्टाने अंमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरी कंपनी कृष्णवर्णीयांना घरं विकत नव्हती. ऑगस्ट १९५७ मध्ये मायर्स कुटुंब, पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाउनमधलं पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब, वर उल्लेख आलेल्या डीपग्रीन लेनवर राहायला आलं. त्यांनी ते घर आधीच्या मालकाकडून घेतलं होतं. घराबाहेर जमाव जमला, राज्य पोलीस बोलवावे लागले. शाळेच्या वर्गात शेजारच्या बाकावर कोण बसणार, हेही बिल्डरनेच ठरवलं होतं. त्यामुळे प्रकल्पात १९५० आणि १९६० च्या जनगणनेचे वंशनिहाय आकडे नकाशाशेजारी लावाच.