मदत हवी आहे: ११८७ मधलं जेरुसलेम, एका भटारखान्याची गोष्ट

कादंबरी लिहितेय. हत्तीनच्या लढाईत (४ जुलै ११८७) तहानेनं बेजार झालेलं ख्रिस्ती सैन्य संपलं, तिथून सुरुवात. शेवट २ ऑक्टोबरला, शहराचा बचाव करणाऱ्या ख्रिस्ती सरदार बेलियननं शहर सुलतान सलाहुद्दीनच्या (सलादीनच्या) हवाली केलं तेव्हा. राजे-सरदारांवर भरपूर वाचायला मिळतं, पण माझी नायिका भटारखाना चालवणारी विधवा आहे आणि तिच्याबद्दल फारसं काहीच हाती लागत नाही.

शरण आलेल्या शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सुटकेसाठी खंडणी भरावी लागली: पुरुषामागे १० दिनार (सोन्याची नाणी), बाईमागे ५, मुदत ४० दिवस. हजारो गरिबांसाठी एकरकमी ३०,००० दिनार भरले, तरी कित्येक जण गुलामीत गेलेच. मला नेमका तो बाजार उभा करायचाय, जिथे लोक घरातलं किडूकमिडूक मातीमोल भावानं विकत होते. तिच्या घरात विकण्याजोगं काय असेल? तांब्याची भांडी, गाद्या, पिठाचा साठा? वेढ्यात भट्टीला जळण कुठून मिळत असेल?

आणखी एक. अरबी बोलणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती लोकांना शहरात राहू दिलं होतं. तिची शेजारीण तशीच दाखवलीय. या लोकांच्या रोजच्या जगण्यावर कोणी वाचलं असेल तर कृपया सांगा. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल.