विद्यापीठाच्या लिनक्स सर्व्हरला घरून कनेक्ट होतो पण मधेच तुटतं, तुम्ही काय वापरता?

नवा_टर्मिनल:
या सेमिस्टरला प्रोग्रॅमिंगच्या विषयासाठी लिनक्स सर्व्हरवर अकाउंट मिळालंय, अख्ख्या वर्गाला मिळून सर्व्हर एकच. माझा लॅपटॉप विंडोज ११ चा. पुट्टीने लॉगिन करतो, फाइली विनएससीपीने चढवतो, पण वायफाय जरा गेलं की कनेक्शन तुटतं आणि चालू प्रोग्रॅमही मरतो. काल दोन तास चाललेली टेस्ट अशीच गेली, वर नॅनो एडिटरमधे उघडी असलेली फाइल सेव्ह केली नव्हती तीही गेली. दर वेळी पासवर्ड टाकायचा ते वेगळंच. यापेक्षा बरं काही आहे का? परवा सबमिशन आहे, खरंच टेन्शन आलंय.

रात्रपाळी:
आधी ती फाइल शोध. कनेक्शन तुटलं की नॅनो बहुतेक वेळा मरता मरता काम वाचवून जातो, त्याच फोल्डरमधे तुझ्या फाइलच्या नावापुढे .सेव्ह लागलेली एक फाइल दिसेल, ती उघडून बघ.

आता मूळ दुखणं. कनेक्शन तुटणारच, ते तुझ्या हातात नाही, म्हणून काम सर्व्हरवर टिकेल असं कर. लॉगिन झाल्या झाल्या टीमक्स (कनेक्शन गेलं तरी सर्व्हरवरचं सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम) चालू करायचं आणि जे काही करायचं ते त्याच्या आत. बाहेर पडताना कंट्रोल आणि बी दाबून सोडायचं, मग नुसतं डी. परत आलास की टीमक्स अटॅच, सगळं होतं तिथेच सापडतं, टेस्टसुद्धा चालूच असते. मी हे शिकलो तेव्हा माझं अर्धं टेन्शन गेलं होतं. टीमक्स नसेल तर स्क्रीन बघ, जुनं आहे पण काम तेच करतं.

एकच सांभाळ, पुष्कळ ठिकाणी एका नावामागे दोन-तीन मशीन असतात आणि दुसऱ्यांदा लॉगिन केलं की भलत्याच मशीनवर पडायला होतं, मग वाटतं सेशन गायब झालं. होस्टनेम कमांड मारून आधी कुठल्या मशीनवर होतास ते लिहून ठेव.

खिडकी_विंडोज:
पुट्टी वाईट नाही, पण विंडोज १० मधे २०१८ पासून ओपनएसएसएचचा क्लायंट (दूरच्या सर्व्हरला सुरक्षित जोडून देणारा प्रोग्रॅम) आतच येतो, पॉवरशेल उघड आणि सरळ एसएसएच लिही. दर वेळी पासवर्ड नको म्हणून की बनव (दोन फाइलींची जोडी, पब्लिक सर्व्हरसाठी, प्रायव्हेट तुझ्यासाठी), एसएसएच-कीजेन वापर, प्रकार ईडी२५५१९, आणि पासफ्रेज, म्हणजे कीचा स्वतःचा पासवर्ड, जरूर दे. विंडोजवर एसएसएच-कॉपी-आयडी मिळत नाही म्हणून पब्लिक कीची ती एक ओळ सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमधे हाताने चिकटवावी लागते. प्रायव्हेट की लॅपटॉपवरच राहू दे, मित्राने मागितली तरी द्यायची नाही.

की टाकूनही पासवर्ड मागत असेल तर परमिशन बघ, सर्व्हरवरच्या डॉट-एसएसएच फोल्डरला ७००, आतल्या फाइलला ६००, म्हणजे फक्त तुलाच वाचता-लिहिता येईल. ग्रुपला लिहायची मुभा राहिली असेल तर सर्व्हर की मानतच नाही आणि तुझ्या स्क्रीनवर कारणही सांगत नाही, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

मग लॅपटॉपवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमधे सर्व्हरला छोटं नाव दे आणि सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६० लिही, नुसतं बसून राहिल्यावर तुटणारी कनेक्शनं त्याने बऱ्यापैकी थांबतात. नोटपॅड त्या फाइलला गुपचूप .टीएक्सटी जोडतो, ते काढ.

नवा_टर्मिनल:
.सेव्ह सापडली!! शेवटचं फंक्शन धरून सगळं आहे त्यात, रात्रपाळी खूप खूप आभार. अजून एक, वर्गातले बरेच जण व्हीएस कोड एडिटरचं रिमोट एसएसएच (लॅपटॉपवरून थेट सर्व्हरवरच्या फाइली उघडणारं) वापरतात, ते घेऊ का?

सामायिक_होम:
सोयीचं आहे, मीही मोठ्या प्रोजेक्टला वापरतो, पण ते सर्व्हरवर तुझ्या नावाने स्वतःचे प्रोसेस चालवतं आणि होममधे, म्हणजे सर्व्हरवरच्या तुझ्या फोल्डरमधे, व्हीएसकोड-सर्व्हर नावाचं फोल्डर करतं. कोटा (तुला दिलेली डिस्कची जागा) कमी असेल तर तेवढ्यानेच भरतो, आणि सबमिशनच्या रात्री पन्नास जणांनी ते उघडलं की मेमरी संपून सगळ्यांचंच रडगाणं. आधी सरांना विचार चालतं का. नसेल चालत तर लॅपटॉपवर लिहायचं आणि आरसिंक किंवा एससीपीने वर पाठवायचं, छोट्या असाइनमेंटला तेवढं पुरतं.

आणि कृपा करून होम फोल्डरला सीएचमॉड ७०० कर, म्हणजे ते फक्त तुलाच उघडता येईल. काही सर्व्हरवर होम सगळ्यांना वाचता येतं, आमच्या बॅचला एकाचा कोड दुसऱ्याने उचलला आणि ज्याने लिहिला त्यालाही मीटिंगला बसावं लागलं, फार वाईट वाटलं होतं त्याचं. लांब चालणारी टेस्ट नाइस लावून सोड म्हणजे बाकीच्यांना प्रोसेसर मिळेल, आणि निघताना टॉप (चालू प्रोग्रॅमची यादी) उघडून आपलं काही अनंत लूपमधे फिरत नाही ना ते बघ.

नवा_टर्मिनल:
केलं. सीएचमॉड झालं, की पण चालली, ग्रुपची परमिशनच नडत होती. टेस्ट टीमक्समधे नाइस लावून सोडलीये, मुद्दाम वायफाय बंद करून परत आलो तर अजून चालू आहे, चाळीसपैकी एकतिसावी केस.