लांबच्या विमानप्रवासात पाय शिवशिवतात, काय करू?

तगर (१२ मे)
नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जायचंय. मुंबई–न्यूअर्क थेट विमान, पंधरा-सोळा तास. रात्री अकराच्या सुमारास सुटतं. माझं वय ६१, साखर नाही, बीपीची गोळी चालू आहे.

रात्री नऊ-दहा वाजले की माझ्या पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही. मुंग्या म्हणाव्या तर तशाही नाहीत. पाय हलवले, उठून चार फेऱ्या मारल्या की थांबतं, आडवं झालं की परत सुरू. लहानपणी आजी ओरडायची, बसल्या जागी पाय हलवू नकोस, दरिद्र येतं. तेव्हापासूनचं असावं. घरी गॅलरीत फेऱ्या मारते, गार फरशीवर उभी राहते, निभतं.

पण तीन वर्षांपूर्वी विमानात जे झालं ते आठवून आत्ताच घाम फुटतोय. लेकीने हौसेने खिडकीची जागा घेतली होती. शेजारी दोघं गाढ झोपलेले. विमान लागू नये आणि झोपही यावी म्हणून घाटात गाडी लागते तेव्हा घेतो ती गोळी घेतली होती. झोप आलीच नाही, पाय मात्र पिसाळले. शेवटी त्या दोघांना ओलांडून गेले आणि शौचालयात उभं राहून रडले.

या वेळी थेट जाऊ की मध्ये उतरून? जागा कुठली घेऊ? व्हीलचेअर सांगून ठेव असं सगळे म्हणतायत, सांगू का?

गवती चहा (१२ मे)
ताई, माझ्या सासूबाईंच्या पायात गोळे यायचे. रोज केळं आणि झोपताना काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासायचे. फरक पडला.

रातराणी (१२ मे)
तगरताई, तुम्ही माझंच लिहिलंय. मी १४ वर्षं हे भोगतेय, दर दीड-दोन वर्षांनी अमेरिकेला जाते.

व्हीलचेअर अजिबात नको! लांबचलांब रांगा आणि इंग्रजीची धास्ती, म्हणून आपल्याकडे आईवडिलांना सर्रास व्हीलचेअर सांगतात. पण त्यात विमानात चढायच्या आधीच दोन तास बसवून ठेवतात, आणि आपल्याला तर तेच नकोय. मी गेटपाशी खुर्चीला टेकतसुद्धा नाही. शेवटची हाक येईपर्यंत येरझाऱ्या घालते, सगळ्यात शेवटी आत जाते. एकदा एका पोलिसाने विचारलं होतं, बाई, काही हरवलंय का?

जागा कडेची, आणि शेवटच्या चार-पाच रांगांत. मागच्या पँट्रीपाशी दोन माणसं उभी राहतील एवढी मोकळी जागा असते. तिथे उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, पोटऱ्या ताणायच्या. शौचालयाचा वास, दाराची धाडधाड, हे सोसायचं. आणीबाणीच्या दाराजवळच्या सीटला पाय लांब करता येतात, पण व्हीलचेअरवाल्यांना ती देत नाहीत आणि पर्सही पायाशी ठेवू देत नाहीत. मला तरी लांब पायांपेक्षा उठता येणं महत्त्वाचं वाटतं.

फिरस्ता (१३ मे)
मध्ये उतरा. युरोपात कुठेही तीन-चार तास मिळाले की विमानतळ पालथा घालायचा. सोळा तास एका डब्यात म्हणजे शिक्षा आहे.

रातराणी (१३ मे)
फिरस्ता, दोनदा चढणं म्हणजे दोनदा सीटबेल्टचा दिवा, दोनदा धावपट्टीवर रखडणं. उठता येत नाही ती वेळ सर्वांत वाईट. मी थेट विमानाच्या बाजूची.

जुना स्टेथो (१३ मे)
निवृत्त डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण तगरताईंचं वर्णन पुस्तकात छापावं असं आहे. पाय हलवायची अनावर ऊर्मी, स्थिर बसल्यावर वाढ, हालचालीने आराम आणि संध्याकाळ-रात्रीचा जोर, या चार खुणा जुळल्या की रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमचा विचार करतात. लंडनच्या थॉमस विलिसने १६७२ साली हे लिहून ठेवलंय आणि स्वीडनच्या एकबॉमने १९४५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, म्हणून विलिस-एकबॉम आजार असंही म्हणतात. दरिद्राचा संबंध दोघांनाही आढळला नाही.

गवती चहा, गोळा येणं वेगळं. त्यात स्नायू दगडासारखा होतो आणि कळ येते. केळ्याचा इथे उपयोग नाही. काशाच्या वाटीला माझी ना नाही, पोटरी-तळव्याला चोळल्याने काही वेळ बरं वाटतं.

आता त्या गोळीचं. गाडी लागू नये म्हणून आपल्याकडे घेतात त्या गोळीत बहुधा प्रोमेथाझिन असतं. गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांच्याच घराण्यातलं औषध. या गोळ्यांनी रेस्टलेस लेग्ज भडकतात. मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाच्या कामात बिघाड हे या आजाराचं एक मुख्य सूत्र मानतात आणि प्रोमेथाझिन डोपामिनलाही अडवतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिनचंही तेच. अशा माणसाला मळमळीसाठी काही द्यायचंच तर डोम्पेरिडोन त्यातल्या त्यात बरं, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. तेही डॉक्टरांना विचारून, कारण काहींच्या हृदयाला ते चालत नाही. त्या रात्री तुम्ही स्वतःच्या हाताने आगीत तेल ओतलंत, असं मला वाटतं. सर्दी-खोकल्याची आणि 'झोपेची साधी' म्हणून मिळणारी औषधंही घेण्याआधी दाखवून घ्या. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही पायांचा हा त्रास वाढतो, पण त्या आपल्या आपण बंद करायच्या नाहीत.

दुसरं, उद्याच फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. बऱ्याच लॅबच्या कागदावर १५-२० आकडाही 'नॉर्मल' म्हणून सुटतो, या आजारात मात्र ७५ पर्यंत असेल तरी लोह देऊन पाहतात. गोळ्यांना दोन-तीन महिने लागतात, म्हणजे तुमच्या हातात नेमका तेवढाच वेळ आहे.

तगर (१९ मे)
डॉक्टर, साष्टांग नमस्कार! हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन १८. रिपोर्टवर लाल खूण नाही, त्यामुळे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही सोडून दिलं असतं. हळिवाचे लाडू चालतील का? आणि ती गोळी मी तीस वर्षं घाटात खातेय हो.

जुना स्टेथो (१९ मे)
लाडू खुशाल खा, पण ते गोळीची जागा घेणार नाहीत. गोळीच्या आगेमागे तासभर तरी चहा नको, चहाने लोह शोषलं जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर उत्तम.

आणि हे टाळू नका: पाळी थांबून दहा वर्षं झालेल्या बाईचं लोह का उतरलं, ते शोधायला हवं. पोट-आतड्यातून नकळत रक्त जात असू शकतं. पायांचं निमित्त होऊन ते कळलं तर बरंच.

बाराखडी (२० मे)
माझे वडील याच आजारासाठी वर्षानुवर्षं रोपिनिरॉल (डोपामिनसारखं काम करणारी गोळी) घेत होते. सुरुवातीला जादू वाटली. मग त्रास रात्री दहाऐवजी दुपारी चारला सुरू झाला, पुढे हातातही आला. गोळी वाढवली की आणखी वाढायचा. कोणी लिहून दिलं तर विचारून घ्या.

जुना स्टेथो (२० मे)
बरोबर. औषधानेच आजार चढतो. म्हणून हल्ली प्रामिपेक्सोल, रोपिनिरॉल सरसकट सुरू करत नाहीत, गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधांकडे कल असतो. जे घेतायत त्यांनी एकदम बंद करू नये.

तगरताई, डॉक्टरांनी यातलं काही दिलं तर पहिली गोळी घरी घ्या, विमानात नाही. चक्कर आणि झापड येते, अंधाऱ्या बोळकांडीत पडलात तर भलतंच होईल. वळवळ सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी घ्यायची. पाय पिसाळल्यावर घेऊन काही होत नाही. चिठ्ठी आणि मूळ पाकीट हातातल्या पिशवीत ठेवा. ब्रिटनमध्ये २०१९ पासून गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन ही दोन्ही नियंत्रित औषधं आहेत, त्या वाटेने जाणाऱ्यांनी तर चिठ्ठी हवीच.

रातराणी (२१ मे)
अनुभवाचं एक. या आजाराला घड्याळ असतं आणि ते भारताचंच असतं. विमान अकराला सुटलं म्हणजे आपले वाईट तास सुरुवातीलाच येतात. जेवण होतं, दिवे मालवतात, सगळे घोरू लागतात आणि आपण पण झोपायला हवं म्हणून धडपडतो. तीच चूक. मी तेव्हा झोपायचा प्रयत्नच करत नाही. भारतातले पहाटेचे चार-पाच वाजेपर्यंत शब्दकोडी, सुडोकू, नाहीतर उभ्याउभ्या सिनेमा. डोकं गुंतलं की पाय विसरतात. मग वळवळ ओसरते आणि उरलेल्या दहा तासांत झोपते. सगळे नाश्ता करतात तेव्हा मी घोरत असते. हातातलं घड्याळ मुद्दाम भारताच्या वेळेवर ठेवते.

सीटबेल्टचा दिवा लागलेला असताना: घोटे एकमेकांत अडकवून जोरात विरुद्ध दिशेला दाबायचे, दहा मोजायचे, सोडायचे. पोटऱ्या खरखरीत पंचाने चोळायच्या. फुकटची वाइन घेऊ नका, मी एकदा घेतली होती.

शेजाऱ्याला आणि हवाई सुंदरीला बसल्याबसल्या सांगून टाका. 'आय हॅव अ मेडिकल कंडिशन, आय नीड टू स्टँड' एवढं पुरतं. सांगितलं नाही तर तिसऱ्या फेरीला लोक घाबरतात.

टिवल्याबावल्या (२१ मे)
लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होते म्हणतात, ती हीच का?

जुना स्टेथो (२१ मे)
नाही. गुठळीत बहुधा एकच पाय सुजतो, गरम लागतो, दुखतो आणि चालून थांबत नाही. तसं झालं, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

तगर (७ सप्टेंबर)
धागा वर काढतेय. पोहोचले! नात झाली, दोघी ठीक.

ऑगस्टमध्ये फेरिटिन ४६ झालं होतं. पोटाची दुर्बीण केली, जुनी जठराची सूज निघाली, औषध चालू आहे. घरी रात्री निम्म्याने तरी कमी आहे. प्रवासासाठी गॅबापेंटिन मिळालं, दोन आठवडे आधीपासून घेऊन पाहिलं. घाटातली गोळी नाही, आल्याची वडी चघळली.

शेवटून तिसरी रांग, कडेची जागा. गेटवर रातराणीसारख्या फेऱ्या मारल्या, पण विमान धावपट्टीवर पाऊण तास रखडलं आणि ती पाऊण तासाची गंमत काही केल्या टळली नाही. घोटे दाबून दाबून दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या होत्या. नंतर पँट्रीपाशी उभी राहिले तर तिथे आधीच एक गुजराती काका टाचा वर-खाली करत होते. आम्ही दोघांनी काही विचारलं नाही, नुसते हसलो. पहाटे पाचला, म्हणजे आपल्याकडच्या, जी झोपले ती सहा तास.

पण एक कोणी सांगितलं नव्हतं. इथे पहिले चार-पाच दिवस पाय दुपारी साडेबाराला सुरू व्हायचे! बाळाला मांडीवर घेऊन बसावं तर वळवळ. लेक म्हणाली, आई, भारतात रात्रीचे दहा वाजलेत. मग दुपारी बाळ तिच्याकडे आणि मी घराबाहेर फेऱ्या मारत.

परतीचं विमान फेब्रुवारीत, रात्री साडेआठचं. तेव्हा गोळी कधी घेऊ?

जुना स्टेथो (७ सप्टेंबर)
अभिनंदन, आजी. तोवर शरीर तिथल्या वेळेला बसलेलं असेल, तेव्हा तिथल्या घड्याळाने, साधारण साडेसहाला. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि निघण्याआधी फेरिटिन पुन्हा करा.

फिरस्ता (८ सप्टेंबर)
परत येताना तरी मध्ये उतरा हो.