प्रतिसाद: कोयनेचं पश्चिमेला जाणारं पाणी

वर कुणीतरी म्हटलंय की वीजनिर्मिती बंद करून कोयना धरणाचं सगळं पाणी सांगलीच्या दुष्काळी आटपाडी-जत तालुक्यांना द्या. ऐकायला झकास, पण धरणाची साठवण 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि कृष्णा पाणीवाटप लवादाने विजेसाठी पश्चिमेला वळवायला दिलेलं पाणी 67.5 टीएमसी, म्हणजे निम्म्याहून जास्त. हे पाणी सह्याद्री उतरून पोफळीच्या वीजगृहात जातं, तिथून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत. घाटमाथ्यावरून मिळणारा हा उतार हीच कोयनेची खरी कमाई. संध्याकाळी मागणी वाढली की ही जनित्रं काही मिनिटांत चालू होतात, कोळशाच्या संचांना ते जमत नाही.

उलट पूर्वेला पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सुटतं, तेही वीज करूनच. पुढे कराडला कृष्णेत मिसळतं आणि टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पंप ते उचलतात. आटपाडीपर्यंत पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं, म्हणजे पुन्हा वीजच! त्या बिलावरून दरवर्षी काय रडारड होते ते सांगलीकरांना सांगायला नको.

टंचाईच्या वर्षी पश्चिमेचा वाटा थोडा कमी करून पूर्वेला द्यावा, हे मला पटतं. तसं पूर्वी झालंही आहे. पण कायमचं बंद? मग पंपांना स्वस्त वीज कुठून आणणार, तेही सांगा की राव.