फ्रीजवर कोड आला! खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मे लागला की आमच्याकडच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. फ्रीजच्या दारावरचा बारका डिस्प्ले, त्यावर दोन-तीन अक्षरं लुकलुकतायत, आणि खाली प्रश्न: 'हे काय व्हयनं भो?' मग उत्तरांचा पाऊस. एक म्हणतो गॅस संपला, दुसरा म्हणतो बोर्ड (फ्रीज चालवणारं सर्किट) गेला, तिसरा थेट नव्या फ्रीजची किंमत टाकतो. ज्याच्या घरी हे घडून गेलंय, तो मात्र गप्प बसलेला असतो.

म्हणून हा धागा. कोड कोणता आला, फ्रीज कसा वागत होता, घरच्या घरी काय पाहिलंत, शेवटी निघालं काय आणि पैसे किती गेले, ते लिहा. बिघाडाच्या कहाणीत कंपनीचं किंवा सर्व्हिस सेंटरचं नाव नको, ते भांडण वेगळं. कोडचा अर्थ सांगताना कंपनी सांगावीच लागते, कारण एकाच कोडचा अर्थ दोन कंपन्यांत दोन निघतो.

माझं मत आधीच सांगतो. कोड दुखणं कुठे आहे ते सांगतो, औषध सांगत नाही. 'सेन्सर' असा कोड आला म्हणजे सेन्सरच मेला असं नाही. त्याची वायर उंदराने कुरतडली असेल तरी बोर्डाला तेच दिसतं. आणि आपल्या भागात ऊन, वीज आणि पाल या तिघांची चौकशी झाल्याशिवाय कुणी बोर्ड बदलायला सांगत असेल, तर जरा थांबा.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर

आमचा डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा. कोड फ्रीझरच्या पंख्याचा. वर बर्फ व्यवस्थित होत होता आणि खाली दूध नासत होतं. पहिले मेकॅनिक आले, कॉम्प्रेसरला हात लावला आणि म्हणाले, 'गॅस भरावा लागेल.' माझ्या मिस्टरांनी एकच विचारलं: गॅस नाही, तर वर बर्फ कसा होतोय? त्यावर उत्तर आलं नाही.

एक गोष्ट आम्हाला आधीपासून खटकत होती. दार बंद असताना आतून खर्रर्र आवाज यायचा आणि दार उघडलं की बंद. दार उघडल्यावर पंखा थांबतो, म्हणून आवाजही थांबतो. म्हणजे पंख्याचं पातं कशाला तरी घासत होतं. फ्रीज बंद करून, प्लग काढून फ्रीझरचा मागचा पत्रा खोलला, तर गारवा देणारी कॉइल दिसेचना. सगळा पांढरा ठोकळा आणि पंख्याचं एक पातं त्या बर्फात रुतलेलं. दोन्ही दारं उघडी टाकली, खाली जुन्या चादरी अंथरल्या आणि झोपलो. भुसावळचा मे, सकाळपर्यंत सगळं पाणी. चालू केला, कोड गेला, गारवा आला.

पण थोड्याच दिवसांत पुन्हा तोच आवाज, तोच कोड. मग दुसऱ्या मेकॅनिकने मल्टिमीटर लावून पाहिलं. डीफ्रॉस्ट हीटरच्या, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणाऱ्या हीटरच्या, लाइनमधला थर्मल फ्यूज (जास्त तापलं की लाइन तोडणारा) उडाला होता. पंखा ठणठणीत होता, तो बिचारा बर्फात अडकला होता इतकंच. फ्यूज आणि मजुरी मिळून हजाराच्या आत भागलं.

धुळे, फ्रीज-एसीचं काम करतो

ताई, तुमच्यासारखी केस उन्हाळ्यात सगळ्यात जास्त येते. जरा सविस्तर लिहितो, पुष्कळांच्या कामी येईल.

बहुतेक फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये गारवा एकाच कॉइलवर तयार होतो आणि पंखा तो सगळीकडे पोचवतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि तिचं दव कॉइलवर गोठतं. ते वितळवायला ठरावीक वेळाने हीटर लागतो. पाणी खालच्या नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. हीटर, बायमेटल (गारव्यानुसार हीटरची लाइन जोडणारा-तोडणारा स्विच), फ्यूज, सेन्सर, यातलं एक जरी गेलं तरी बर्फ साचतो, पंखा अडकतो आणि कोड पंख्याचा येतो. नळी तुंबली तर भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, तेव्हाही लोकांना गॅसच आठवतो.

घरी मीटर असेल त्यांच्यासाठी: बायमेटल गार असतानाच जोडलेला असतो. खोलीच्या तापमानाला तपासला तर 'ओपन', म्हणजे लाइन तुटलेली, दाखवणारच. चांगला बायमेटल फेकून दिलेला मी कितीदा पाहिलाय! बर्फात धरून गार करा, मग मीटर लावा. थर्मल फ्यूजचं तसं नाही. तो कधीही ओपन दाखवला की गेलाच.

बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने कधीच उकरू नका. कॉइल ॲल्युमिनियमची, भोक पडायला एक ठोसा पुरतो. नव्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. गॅसचं काम घरी नाही म्हणजे नाही, आणि बंद खोलीत शेगडीजवळ कुणालाही करू देऊ नका.

कोडचं म्हणाल तर एलजीच्या बऱ्याच मॉडेलांत 'ईआर एफएफ' म्हणजे फ्रीझरचा पंखा, 'ईआर एफएस' फ्रीझरचा सेन्सर, 'ईआर डीएच' डीफ्रॉस्ट, 'ईआर सीओ' म्हणजे डिस्प्ले आणि मुख्य बोर्ड यांचं बोलणं तुटलेलं. सॅमसंगमध्ये '२१' फ्रीझरचा पंखा, '२२' खालच्या खान्याचा, पुढे 'सी' किंवा 'ई' लागतं. हे वाचून लगेच सामान मागवू नका. मॉडेल नंबर आतल्या बाजूच्या स्टिकरवर असतो, तो मॅन्युअलशी जुळवा. डिस्प्लेवर ५ आणि इंग्रजी एस सारखेच दिसतात, शून्य आणि ओ सुद्धा. फोनवर तोंडी सांगण्यापेक्षा फोटो पाठवा.

शहादा, शिक्षिका

आमचं दुखणं हसण्यासारखं. आखाजीला दोघी नणंदा येणार, म्हणून नवा फ्रीज घेतला. दिवा लागतो, डिस्प्ले लागतो, पंखाही फिरतो, गारवा मात्र नाही. डिस्प्लेवर इंग्रजी 'ओएफ ओएफ'. आमरसाचं पातेलं दुपारपर्यंत आंबूस झालं. सासूबाई म्हणाल्या, परत करा, पायगुण चांगला नाही.

तो निघाला शोरूम मोडमध्ये. दुकानात दिवे दिसावेत आणि कॉम्प्रेसर चालू नये म्हणून ही सोय असते. कोणती दोन बटणं एकत्र दाबून धरायची ते पुस्तिकेत होतं. थोड्या वेळाने कॉम्प्रेसरचा आवाज सुरू झाला. नवा फ्रीज आला की आधी पाण्याची बाटली ठेवून बघा, आमरस नंतर.

चाळीसगाव

आमच्याकडे कुलपाचं चिन्ह आलं आणि बटणं चालेनात. चाइल्ड लॉक होतं. नातवाची करामत. बिल शून्य.

पारोळा तालुका, शेती

गावात राहतो. शेतीची थ्री फेज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा पिवळा पडतो. एका संध्याकाळी मीटर लावला तर १६५ व्होल्ट. नंतर मोटारी बंद झाल्या की उलटं, एकदम वर. त्यातच लाइट जाऊन-येऊन करायची. फ्रीजवर बोर्डाच्या बोलण्याचा कोड यायचा, प्लग काढून दहा मिनिटांनी लावला की जायचा, दोन दिवसांनी परत हजर.

खोक्यावर लिहिलं होतं, स्टॅबिलायझर लागत नाही. पण ते ठरावीक व्होल्टेजच्या आतलं बोलणं आहे, न्यूट्रल ढिला झाला तर कुठला आकडा आणि कुठलं काय. आमचा वायरमन हुशार. फ्रीजला हात लावायच्या आधी त्याने सॉकेट उघडलं. एक पिन काळी पडलेली, आतला स्क्रू ढिला, प्लग हलवला की बारीक ठिणगी. सॉकेट बदललं, अर्थिंग नीट केलं, स्टॅबिलायझर बसवला. तो कोड पुन्हा दिसला नाही. आता लाइट जा-ये करायला लागली की आई आधी फ्रीजचं बटण बंद करते आणि लाइट टिकली की पाचेक मिनिटांनी चालू करते. कॉम्प्रेसरला लगेच उठवलं की त्याला भार पडतो, हे तिला आता पाठ आहे.

नंदुरबार

वरचे दादा म्हणतात तसं प्लग काढून लावला की कोड जातो, पण त्याआधी फोटो काढा. आम्ही दर वेळी बंद-चालू करत राहिलो आणि मेकॅनिक आला त्या दिवशी फ्रीज शहाण्यासारखा चालू. त्याने तपासायचं काय?

आणि ज्यांच्या फ्रीजला डिस्प्लेच नाही त्यांनी मागे पाहा. काही इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) फ्रीजच्या मागच्या बोर्डावर बारका दिवा असतो. तो ठरावीक वेळा लुकलुकतो, मध्ये थांबतो, पुन्हा तेवढ्याच वेळा. किती वेळा, तोच कोड. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजला तर चुकत नाही.

रावेर, केळीवाले

आमचा कोड कॉम्प्रेसर सुरू होत नाही असा. फोनवर सांगितलं, कॉम्प्रेसर गेला. मागचं झाकण उघडलं तर बोर्डावर वाळलेली पाल. शेपूट एका पॉइंटवर, तोंड दुसऱ्यावर. बाजूला सगळं काळं. कॉम्प्रेसर चांगला, बोर्ड गेलेला. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी, पण बोर्ड त्यात नाही. अडीच हजार गेले.

नंतर मेकॅनिकने झाकणाच्या फटींवर बारीक जाळी लावून दिली. हवा जायची जागा मोकळीच ठेवली, नाहीतर बोर्ड तापून जाईल. उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागे पाल. म्हणून फ्रीजमागचा ट्यूबलाइटही काढला.

जळगाव, निवृत्त

सर्वांनी बिघाड लिहिले. माझ्याकडे बिघाड नव्हताच, तेही सांगायला हवे. दुपारी दोन-अडीचनंतर आमच्या फ्रीजवर तापमानाचा इशारा यायचा आणि पहाटे आपोआप नाहीसा व्हायचा. कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नसे. दोघांनी येऊन दोन निदाने केली.

मी आतले स्टिकर वाचले. त्यावर 'क्लायमेट क्लास' नावाची एक ओळ असते. 'एन' म्हणजे सभोवतालचे तापमान ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. आमचा 'एसटी' निघाला. आणि तो उभा कुठे, तर पश्चिमेच्या भिंतीला चिकटून, वर पत्रा. तिथे थर्मामीटर ठेवला तेव्हा पारा ४५ च्या वर. फ्रीजने तरी करायचे काय?

मधल्या खोलीत हलवला, मागे वीतभर जागा सोडली, मागची धूळ झाडली. इशारा बंद झाला. सौ. भरीत गरम असतानाच आत ठेवत असे, तेही थांबले, थोड्या वादानंतर. एवढे मात्र लक्षात ठेवा की बऱ्याच फ्रीजच्या बाजूच्या भिंती आतल्या नळ्यांमुळे गरम लागतात. तो दोष नव्हे.

धुळे, फ्रीज-एसीचं काम करतो

काका, तुमचं स्टिकर मी आता गिऱ्हाइकांना दाखवणार. नवा घेताना 'टी' बघूनच घ्या मंडळी, आपल्याकडे दुसरं चालत नाही.

चोपडा

माझा प्रश्न आत्ताचा आहे. कोड नाही, पण दार उघडं असल्याची पीप-पीप, दार बंद असतानाही. फ्रीझरच्या काठाला दवाचे थेंब. रबर बदलायला सांगतायत.

धुळे, फ्रीज-एसीचं काम करतो

भाऊ, थांबा. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी करा. जिथे नोट अलगद निघते तिथेच रबर ढिलं. आधी कोमट साबणाच्या पाण्याने रबराच्या खाचा पुसा, तिथे साखर-तुपाचा थर बसलेला असतो. मग प्लग काढून, गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने ढिला भाग शेका आणि दार दोनेक तास दाबून बंद ठेवा. बऱ्याचदा रबर परत बसतं. नोट सगळीकडे घट्ट असेल तर दाराच्या स्विचवर बोट दाबा. आतला दिवा जातो का आणि पीप-पीप थांबते का ते कळवा. थांबत नसेल तर स्विच गेला, तो शे-दोनशेचा असतो. तोवर दूध शेजारच्यांकडे ठेवा.