जुनं मिडसाइझ जेट चार्टर करताना (सोसायटी ग्रुप)

सी-१०१: नमस्कार मंडळी. ऑफिसच्या सात जणांसाठी जेट घ्यायचंय, सकाळी जाऊन रात्री परत. ब्रोकरने १९९९चं हॉकर ८००एक्सपी सुचवलंय. नव्या विमानापेक्षा बरंच स्वस्त पडतंय. इतकं जुनं घ्यावं का?

बी-७०४: साल ऐकून दचकू नका. आधी ऑपरेटर कोण ते विचारा, ब्रोकर फक्त मधला माणूस. ऑपरेटरचा एओसी (व्यावसायिक उड्डाणाचा परवाना) नंबर आणि हेच विमान, नोंदणी क्रमांकासकट, त्या एओसीवर चढलेलं आहे याचा कागद मागा. नसेल तर ते कुणाचं तरी खासगी विमान गुपचूप भाड्याने फिरतंय असं समजा. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

बी-७०४: दुसरं, इंजिनं. यावर हनीवेलची दोन टीएफई७३१ असतात. ती एमएसपीसारख्या तासावारी देखभाल योजनेत आहेत का बघा. तिथे पैसे दर तासाला आधीच भरले जातात, त्यामुळे मोठी तपासणी आली की मालक चालढकल करत नाही.

ए-३०२: दादा, अंतर किती आहे?

सी-१०१: १,९०० नॉटिकल मैल, ताई. रेंज २,५०० च्या आसपास लिहिलीय, म्हणजे आरामात ना?

ए-३०२: अजिबात नाही. माहितीपत्रकातली रेंज वारा शून्य धरून असते. ८० नॉटचा (तासाला ८० नॉटिकल मैल) वारा तोंडावर आला तर ४२० नॉटचं विमान जमिनीवरून ३४० नेच पुढे सरकतं. जाताना साडेपाच तासांच्या वर, आणि इंधन जवळपास २,३५० मैलांचं लागतं, म्हणजे २,५०० मधले जेमतेम १५० उरतात.

ए-३०२: आता वजन मांडा. टेक-ऑफचं कमाल वजन २८,००० पाउंड. टाक्या फुल केल्या की इंधनच १०,०००. क्रूसकट तयार विमान समजा १६,५०० भरलं, तर हातात १,५०० राहतात. माणशी २०० धरले तर सात जणांचे १,४००. बॅगांना उरले १००! नव्या सीट, जास्तीची उपकरणं बसवून जुनी विमानं जड होत जातात, म्हणून याच विमानाचा वजनाचा आकडा घ्या, मॉडेलचा नको.

डी-५०३: मग वाटेत इंधन भरायचं. त्यात काय एवढं?

ए-३०२: वेळ जातो ना, काका. येताना तोच वारा पाठीवर धरला तरी जाऊन-येऊन उड्डाणच साडेनऊ तासांचं. अमेरिकेत पार्ट १३५ (चार्टरचे नियम) खाली दोन पायलटच्या क्रूला २४ तासांत १० तास उड्डाण आणि १० तास विश्रांती, म्हणजे ड्यूटी १४ तास. उड्डाणाआधीचा एक तास आणि नंतरचा अर्धा वजा केला की मीटिंगला जेमतेम तीन तास. टेक स्टॉप (इंधनाचा थांबा) धरला तर तेही नाहीत. इतर देशांत आकडे वेगळे, पण मर्यादा असतेच.

बी-७०४: अगदी बरोबर. क्रूला "थोडं अॅडजस्ट करा" म्हणायची ही जागा नव्हे.

सी-१०१: बाप रे. आणि बिघाडांचं काय?

बी-७०४: निघायच्या आदल्या दिवशी विचारा, एमईएलखाली काय काय उघडं आहे? म्हणजे नादुरुस्त असूनही ज्यासह उडायची परवानगी असते त्या वस्तू. बी वर्गातल्या ३ दिवसांत, सी वर्गातल्या १० दिवसांत दुरुस्त करायच्या असतात. एपीयू (जमिनीवर वीज आणि एसी पुरवणारं छोटं इंजिन) बंद असेल तर विमान उडेल, पण उन्हात उभं असताना केबिनची भट्टी होते आणि इंजिन सुरू करायला बॅटरी किंवा बाहेरची वीज वापरावी लागते. आरव्हीएसएमचं (उंचावर विमानांमध्ये कमी उभं अंतर ठेवायला लागणारी उपकरणं) काही बंद पडलं की मात्र २९,००० फुटांच्या खाली राहावं लागतं. तिथे इंधन जास्त जळतं आणि ताईंचं सगळं गणित कोलमडतं.

बी-७०४: टायरही हलक्यात घेऊ नका. २००८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया इथे एक लिअरजेट ६० टेक-ऑफ घेताना धावपट्टीबाहेर गेलं, चौघे गेले. टायरमध्ये हवा कमी होती. दाब रोज साधारण २ टक्के उतरत होता आणि जवळपास तीन आठवडे कुणी तपासला नव्हता.

डी-५०३: छोट्या धावपट्टीवर उतरेल ना? आपल्याला गावाजवळच उतरायला बरं.

ए-३०२: चार्टरला सहसा उतरण्याचं अंतर धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसावं लागतं. हिशोबात २,७०० फूट आले तर ४,५०० ची पट्टी हवी. ओली असण्याची शक्यता असेल तर वर १५ टक्के, म्हणजे ५,१७५.

सी-१०१: बॅगा पोटात टाकता येतील?

बी-७०४: हॉकरमध्ये सामान केबिनमध्येच, पुढे दाराजवळ. कडक सुटकेस अडतात, मऊ बॅगा दाबून बसतात.



ए-३०२: करारातलं बदली विमानाचं कलम नीट वाचा, दादा. जुन्या विमानाला सुट्या भागासाठी थांबावं लागलं तर "तत्सम विमान" देऊ एवढंच लिहिलेलं असतं. दरातला फरक कोण भरणार ते नसतं. रिकामी फेरी, क्रूचा मुक्काम आणि डी-आयसिंग (विमानावरचा बर्फ काढणं) हेही कोटेशनबाहेर ठेवतात.

सी-१०१: ब्रोकरला फोन केला. म्हणतो, एकाच क्रूवर त्याच रात्री परत जमणार नाही, मुक्काम धरा.

ए-३०२: मग मुक्कामाच्या दिवसाचे किमान उड्डाणतास बिलात लावणार का, तेही आत्ताच विचारून घ्या.