ताज्या भाजीसाठी जोड-कुपन: वापर कमी का होतो?

प्रश्न: कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शेतकरी बाजारात जेवढी खरेदी तेवढ्याच रकमेचं जोड-कुपन देतोय. निम्मी कुपनं वापराविना राहतात, विक्रेतेही कुरकुरतात. काय बदलू?

उत्तर १: आधी विक्रेत्यांचं बघा. पैसे आठवड्याच्या आत मिळाले नाहीत की ते कुपन घ्यायचंच टाळतात. लहान शेतकऱ्याचं भांडवल त्यात अडकतं. वटलेल्या कुपनावर तिथंच शिक्का मारा, अनुक्रमांक नोंदवा, नाहीतर तेच पुन्हा फिरतं.

उत्तर २: कुपनाची रक्कम लहान ठेवा. सुटे परत देता येत नसतील तर मोठं कुपन घरीच पडून राहतं. मुदत महिन्याहून जास्त हवी. अमेरिकेत २०१४च्या शेती कायद्यानं अशा योजनांना केंद्रीय निधी दिला, त्यांचे नियम जरूर वाचा.

उत्तर ३: बाजाराची वेळ? सकाळीच उठत असेल तर रोजंदारीवरचं माणूस येणार कधी?